मेलेल्या पेशी

"ही घाण अजून कशाला ठेवलीये?" सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढत नवे संचालक माझ्यावर खेकसले.

"सर, हँड-फूट-माऊथ झालेल्या मुलांच्या फोडांतला विषाणू यात वाढलाय, म्हणून तर पेशी मेल्या. नमुन्याच्या शेवटच्या थेंबातून सहा महिन्यांनी जमलंय."

"मला शिकवू नका, मॅडम. उद्या मंत्री येतायत." त्या मेलेल्या पेशींच्या बाटल्या नष्ट होईपर्यंत ते माझ्या डोक्यावर उभे राहिले. खुर्ची मिळाली की अक्कलही मिळते, असं यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठणठणीत पेशींची एक बाटली मंत्र्यांसमोर उंच धरली. "विषाणूला आम्ही हरवलं!"

मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, अगदी मनापासून. तुलनेसाठी ठेवलेल्या त्या बाटलीत मी विषाणू कधी घातलाच नव्हता.