बरा होऊन आला

दार उघडलं तर तो हसत उभा होता. पाठीवर सॅक, दाढी वाढलेली, आणि चेहऱ्यावर असं हसू की तिला बाजूला व्हायचंही सुचेना.

"आत घेणार आहेस, की इथूनच पुन्हा जंगलात पाठवतेस?" तो म्हणाला.

थट्टा! नवऱ्याच्या तोंडून थट्टा ऐकून तिला वर्षं लोटली होती.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. हातात कसब होतं, कंपनीत नाव होतं. पण त्याने सकाळी तपासून दिलेली एक लिफ्ट दुपारी कोसळली आणि आतला म्हातारा पोस्टमन जागच्या जागी गेला. चौकशीत दोष दोराच्या मालात निघाला. त्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. त्याने मात्र स्वतःला सोडलं नाही. कड्या लावून पुन्हा उघडायच्या, गॅस पुन्हा पुन्हा बघायचा, जेवता जेवता हात थरथरायला लागले की ताटावरून उठून जायचं. नोकरी सुटली. ती छापखान्यात दोन-दोन पाळ्या करून घर ओढत होती आणि घरी आल्यावर त्याला सांभाळत होती.

एकट्याने जंगल चालून या, असं डॉक्टरांनी सुचवलं. डोंगरापलीकडे जाणारी एक लांब पायवाट होती, वाटेत मुक्कामाला लाकडी खोल्या होत्या. कितीतरी मोडलेली माणसं तिथून उभी राहून परतली होती म्हणे. तो तयार नव्हता. तिनेच सॅक भरली, तिनेच त्याला बसमध्ये बसवून दिलं.

पहिल्या मुक्कामावरून त्याचा फोन आला होता. "मला नाही गं जमणार. परत येऊ का?"

"अजून थोडं चाल," ती म्हणाली होती. "माझ्यासाठी."

फोन ठेवला आणि घर किती शांत आहे हे तिला जाणवलं. त्या रात्री ती मेल्यासारखी झोपली. सकाळी त्या झोपेची तिलाच लाज वाटली.

पुढे रेंज नव्हती. आणि आज हा असा दारात.

तो पोटभर जेवला. मागून मागून जेवला. "एके दिवशी इतकं धुकं उतरलं की स्वतःचे हात दिसेनात," तो सांगत होता. "घाबरून बसून राहिलो. मग वाटलं, कुणीतरी पाठीवरचं ओझं अलगद काढून घेतंय. उठलो तर पाय हलके. चालत सुटलो तो थेट घरापर्यंत."

"आणि सॅक?"

"ती आहे की ही," तो हसला. "मनावरचं ओझं म्हणतोय मी, वेडे."

तिने त्याचे बूट धुवायला घेतले. तळ कोरे होते, खोक्यातून आत्ताच काढल्यासारखे. वाट मऊ मातीची असेल, असं म्हणून तिने ते नुसते पुसून ठेवले.

तो झोपायचा तेव्हा कूस बदलत नसे. घोरत नसे. एकदा तिने त्याच्या नाकापाशी हात धरला. बराच वेळ श्वास लागेना. मग लागलं. माणूस शांत झोपावा म्हणून इतके नवस बोलले, आता झोपतोय तर तेही खुपतंय, असं म्हणून तिने स्वतःलाच फटकारलं.

कंपनीने त्याला परत घेतलं. हात एकदम स्थिर. सकाळी दाढी करताना तो गुणगुणायचा. तिने छापखान्यातली एक पाळी सोडली. किती दिवसांनी आरशात नीट बघून केस विंचरले.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "त्या पोस्टमनच्या बायकोला एकदा भेटून येऊ या का?"

"कोणता पोस्टमन?" त्याने विचारलं.

तो सोंग करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. तिने डॉक्टरांना सांगितलं, तर ते खूश झाले. मन असंच स्वतःला वाचवतं, म्हणाले. तिनेही तेच धरून ठेवलं.

सासूबाई याच घरात होत्या, त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. तो आल्या दिवशी त्यांच्यापाशी बसला, तेव्हा त्यांनी त्याचं एकेक बोट चाचपून पाहिलं. "छान आहेत हात," एवढंच बोलल्या. नंतर एकदा केसांना तेल लावून घेताना त्यांनी हळूच विचारलं, "सूनबाई, तो कधी यायचाय गं?"

"आई, आलाय की. सकाळी तुमच्यापाशीच तर चहा घेतला."

"हो, हा बसला होता," सासूबाई म्हणाल्या.

वयाने होतं असं, तिने मनाशी म्हटलं. तेलाची वाटी उचलून ती उठली, ती जरा घाईनेच.

रविवारी सकाळी फोन वाजला. तो स्वयंपाकघरात कांदा परतत होता, गुणगुणत होता.

"मी वनरक्षक बोलतोय," पलीकडचा म्हणाला. "खाली दरीतल्या एका पडक्या खोलीत एक गृहस्थ सापडलेत. पाय मोडलाय, तापाने फणफणलेत, पण धुगधुगी आहे. जवळच्या शिध्यावर इतके दिवस कसे काढले देव जाणे. हा नंबर तेवढा सांगतायत. थांबा, देतो त्यांना."

खरखर झाली. मग धाप लागलेला श्वास.

"अगं, मी... मी बोलतोय. मला घरी यायचंय गं."

आवाज तिच्या ओळखीचा होता. त्यातली थरथरसुद्धा. त्या आवाजाशेजारी तिने सगळं तारुण्य काढलं होतं. ती भिंतीला टेकली.

"कोणाचा गं फोन?" आतून हाक आली. "ये, गरम गरम खाऊन घे."

दाराच्या फटीतून त्याची पाठ दिसत होती. ताठ, रुंद, निर्धास्त. ती किती तरी वेळ त्या पाठीकडे बघत राहिली. फोनमध्ये कुणीतरी रडत होतं.

"चुकीचा नंबर लागलाय," ती म्हणाली. "माझे मिस्टर घरीच आहेत."