शुक्रवारची फेरी

गुरुवारी दिवेलागणीपर्यंत माझं मौन असतं. नेमके त्याच दुपारी साहेब आले. पोलिसांचा वेळ कुठे सत्कारणी लागतो आणि कुठे वाया जातो, हे तपासायला त्यांना नेमलंय. मी ओठांवर बोट ठेवून देव्हाऱ्याकडे हात केला.

“मौन? असू दे आजी, नुसती मान हलवा. इथे कधी चोरी झाली?”

नाही.

“कुणी त्रास दिला?”

नाही.

“तरी दर्शना शिपाई दर शुक्रवारी येते?”

हो.

“मग ही फेरी बंद करून तिला बाजारात गस्तीला लावतो. चालेल ना?”

दर शुक्रवारी दर्शना फाटकातूनच ओरडते, “आजी, आहात का? तुमच्याकडे चोर आला तर त्यालाही उपासाची खिचडी वाढाल तुम्ही!” ती गेली की पुढच्या शुक्रवारपर्यंत मला हाक मारणारं कुणी नसतं. त्या दिवसांतही मौनच असतं, फक्त ते देवासाठी नसतं.

साहेब उठले, चपला घालू लागले.

“तिला येऊ द्या हो,” मी म्हणाले.

ते दचकून वळले. “अहो, मौन मोडलंत! असं काय काम करते ती इथे?”

“मी आहे का, ते विचारते.”