फक्त ललितेतर

भिवंडीच्या वाचनालयात मृणालीने फळ्यावर मोठ्या हौसेने लिहिलं: ‘मनात घर केलेल्या पुस्तकांच्या शिफारशी हव्यात. फक्त ललितेतर.’ कथा-कादंबऱ्या सोडून लोकांनी चार वेगळी पुस्तकं सुचवावीत, एवढाच बिचारीचा हेतू.

दुपारी कशेळीचे ललित भोईर तणतणत आत शिरले आणि त्यांनी पिशवीभर पुस्तकं टेबलावर आदळली.

“मॅडम, सगल्या गावाच्या शिफारशी चालतात, ललितची तेवढी न्हाय? मी काय वाचत न्हाय? हा बघा, सापांवरचा पुस्तक. वाचल्यापासून गोडाऊनात पाय आपटत शिरतो मी. हमाल हसतात. याच्यापेक्षा मनात घर करनारा पुस्तक कोनी आणला तर सांगा!”

मृणाली बघतच राहिली. भोईरांकडे नव्हे, पिशवीकडे. जी पुस्तकं परत यावीत म्हणून तिने मिस्ड कॉल देऊन देऊन बोटं झिजवली होती, ती सगळी समोर पडली होती. ‘ललितेतर’चा अर्थ अगदी ओठांवर आला होता, तो तिने गिळला.

“चुकलंच भाऊ. तुमची शिफारस पहिली.”

भोईर खुशीत बाहेर पडले. मृणालीला आठवलं, जाडा शब्दकोश अजून विनोद तरेकडे अडकलाय आणि तो कुणालाच दाद देत नाही. तिने फळा पुसला आणि ठळक अक्षरांत लिहिलं: ‘पुढच्या महिन्यात फक्त गंभीर पुस्तकं. विनोद अजिबात खपवून घेतला जाणार नाही.’