तांबडी कड

घरी बनवलेल्या दादाच्या सिंथेसायझरचा पॉवर सप्लाय मी केलेला. चार महिने ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर आणि सोल्डरनं भाजलेली बोटं. आणि एका मुलाखतीत दादा म्हणाला, "एकूण एक तार मी स्वतः जोडलीय. धाकटीनं टॉर्च धरला, बस्स."

त्याच दिवशी मी त्याला तोंडावर सांगितलं, "याचा वचपा काढल्याशिवाय राहणार नाही."

काल त्याच्या कार्यक्रमाच्या जरा आधी त्याचा फोन आला. नवे आवाज काढणारं एक महागडं मॉड्यूल त्यानं विकत आणलं होतं, आणि माझ्या पॉवर सप्लायवर एकच सॉकेट मोकळं होतं. मॉड्यूलच्या चपट्या वायरची तांबडी कड सॉकेटमध्ये वर ठेवायची की खाली, एवढंच त्याला हवं होतं. उलटी लागली तर मॉड्यूल जळतं, हे त्यालाही माहीत होतं.

"वर," मी म्हणाले.

"अगं, जगात सगळीकडे ती खाली असते!" तो खवळला. "डूख धरून बसलीयस. भर स्टेजवर मला तोंडघशी पाडायला निघालीस होय? इतका दूधखुळा नाहीये मी!"

फोन कट.

मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. पडदा वर गेला, त्यानं बटण दाबलं आणि भस्सकन धूर निघाला.



खरं तेच सांगितलं होतं मी. ते सॉकेट माझ्या हातून उलटं सोल्डर झालं होतं. एक तरी तार त्यानं स्वतः जोडली असती, तर त्याला ठाऊक असतं.