तिसरं गाणं

गोदावरीबाई दुकानात आल्या तेव्हा शरत भिंतीवरच्या फळ्या उतरवत होता. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातलं त्याचं कॅसेट-सीडीचं दुकान आज बंद होत होतं. सोमवारपासून तिथे मोबाइलची कव्हरं मिळणार होती.

"कशाला बोलावलंस रे?"

"तुमच्या सीड्या, अक्का." त्यानं कोपऱ्यातल्या खोक्यांकडे बोट दाखवलं. "तेवढ्याच राहिल्यात."

तेरा वर्षांपूर्वी बाईंनी आठ गाण्यांचा अल्बम काढला होता. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, आणि भाषा म्हैसूरच्या जुन्या मराठी घरांत बोलतात ती. पाचशे प्रती काढल्या, एकोणीस खपल्या. त्यानंतर त्या गायल्या नाहीत. हळदीकुंकवाला नाही, देवापुढेही नाही. पेटी पुतणीला देऊन टाकली.

"टाकून द्यायच्या होत्यास," बाई म्हणाल्या.

शरतनं स्टूल पुसून पुढे केलं. "बसा. एक सांगायचंय. दुकान होतं तोवर धीर झाला नाही."

त्या बसल्या. तो उभाच राहिला.

"तुमच्या सीड्या खपल्या नाहीत ते माझ्यामुळे, अक्का. तेव्हा सगळे मेमरी कार्ड घेऊन यायचे, मी गाणी भरून द्यायचो. एकानं तुमचं गाणं मागितलं. मी सीडी कॉम्प्युटरला लावली. मग दुसरा आला, तिसरा आला. इल्ला, नाही म्हणवेना. रिक्षावाले, शिंपी, सरस्वतीपुरमच्या मास्तरीणबाई... तीनशे कार्डांत तरी भरलं असेल. पुढे त्यांनी एकमेकांना दिलं. सीडी कोण घेणार मग?"

बाहेर एक स्कूटर बराच वेळ चालू होत नव्हती. ती चालू होऊन गेल्यावर बाईंनी वर पाहिलं.

"तीनशे?" त्यांनी विचारलं.

"जास्तच."

"आपणहून मागायचे?"

"हो की. तिसरं गाणं. टेकडीवरच्या दिव्याचं."

बाईंनी पदर सारखा केला. तो आधीच सारखा होता.

"मला वाटलं, माझा आवाज कुणाला नकोय," त्या म्हणाल्या. "तेरा वर्षं मी तोंड मिटून स्वयंपाक केला, शरत."

त्यानं मान खाली घातली. "चुकलं माझं. आता कसं भरून देऊ, सांगा."

"गाऊन दाखव."

"अय्यो! मी?"

"तीनशे वेळा भरलंस. येत असेल."

शरतनं हातातली फळी भिंतीला टेकवली. दाराकडे पाठ केली, खाकरला आणि गाऊ लागला. "टेकडीवरचा दिवा गं, माझ्या खिडकीत आला..." आवाज जाडाभरडा होता, सूर मध्येच निसटत होता. पण चाल बरोबर होती. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं बाईंचंच. त्यांची बोटं मांडीवर ठेका धरू लागली.

दुसऱ्या कडव्याशी तो अडला. त्यानं वळून पाहिलं. पुढचे शब्द बाईंच्या ओठांवर आलेले दिसत होते.

"आठव," त्या म्हणाल्या.

बोटांचा ठेका चालूच होता.