ह्यांनी बांधलेला जोड

भंगारवाला फाटकाशी उभा होता. सेन्सर बदलून बदलून पोराचे हात दुखले, तरी आमच्या जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा पेटायचा आणि गाडी चढावर बंद पडायची. आज दोष सापडला नाही, तर ती भंगारात. शाळेचं तोंड पाहिलं नसलं तरी पेटलेला दिवा दिसतो, म्हणून मला स्टिअरिंगपाशी बसवलेलं. पोरगा चालू इंजिनाची एकेक तार हलवत होता. “आई, पेटला?” “नाही. पुढची हलव.” शेवटी त्याचा हात ह्यांनी बांधलेल्या तारेच्या जोडावर गेला; ह्यांच्या कामावर शंका कोण घेणार, म्हणून आजवर कुणी तपासलाच नव्हता. दिवा पेटला. हे समोरून माझ्याकडेच बघत होते. गाडी वाचवू की नवऱ्याचं नाक? “पेटला,” मी म्हटलं. ह्यांनी खिशातून पक्कड काढून पोराला दिली. “काप. तारेला ढील ठेव. मी फार ताणली.”