पहिला फोड कोणाचा

काळं झबलं. सुरगाण्याहून आलेली जीप. पाच दारांवर कडुनिंबाचे डहाळे. हलव्याचा हार.

सातपूरच्या त्या गल्लीत कांजिण्या कोणी आणल्या, हे आशा सेविका यशश्रीनं सर्वेक्षणाआधीच ठरवून टाकलं होतं. महिन्यापूर्वी त्या जीपमधून उतरलेल्या लंकाबाईनं. घरमालकालाही तेच पटलं होतं. संध्याकाळपर्यंत खोली सोड, असं त्यानं लंकाबाईला बजावलं होतं.

यशश्रीनं लंकाबाईच्या पोरीची पाठ पाहिली, पोट पाहिलं, कानामागेही पाहिलं. एकही फोड नव्हता.

"आधीच येऊन गेल्या असतील. लपवलंस तू."

"मग डाग नको का राह्यला, ताई?" लंकाबाई म्हणाली. "पंधरा दिवसांमागं गल्लीतली समदी पोरं तुमच्याकडं बोरं लुटाया आली व्हती. माझ्या पोरीला तेवढं बोलावणं नव्हतं."

यशश्रीनं आजारी मुलांची यादी पुन्हा उघडली. पाचही नावं तिच्या लेकीच्या, इराच्या बोरन्हाणाला आलेली होती.



बोरन्हाणाच्या त्या संध्याकाळी इराच्या गळ्याभोवती चार फोड उठले होते आणि हलव्याचा हार टोचला असेल म्हणून यशश्रीनं त्यावर पावडर लावली होती.